राजदूत जेफरसनचे पॅरिस

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि त्या देशाचा तिसरा अध्यक्ष म्हणून थॉमस जेफरसनचे नाव सर्वपरिचित आहे. जाहीरनामा १७७६ मधला आणि अध्यक्षपद १८०१ मधले. या दोहोंच्या दरम्यान त्याची पाच वर्षे पॅरिसमध्ये गेली. या वास्तव्याविषयी लिहिताना चरित्रकार सहसा शेवटाकडे, म्हणजे १७८९ च्या क्रांतीकडे, धाव घेतात. तेथवर पोहोचण्याआधी जेफरसन हा परक्या शहरात नुकताच उतरलेला, तिथली भाषा न बोलू शकणारा, दुःखाने खचलेला आणि पैशांच्या विवंचनेत सापडलेला एक नवखा मुत्सद्दी होता. हे पहिले वर्ष-दीड वर्ष मला अधिक बोलके वाटते, कारण पुढचा जेफरसन, त्याच्या साऱ्या विसंगतींसह, याच काळात दिसू लागतो.

१७८२ च्या सप्टेंबरमध्ये त्याची पत्नी मार्था वारली. तिच्या नाजूक प्रकृतीमुळेच यापूर्वी युरोपात जाण्याची कामगिरी त्याने नाकारली होती. आता अडवणारे कोणी उरले नव्हते. मे १७८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याची नेमणूक केली. युरोपात आधीपासून असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन ॲडम्स यांच्यासोबत युरोपातील वीसेक सत्तांशी व्यापारी तहांच्या वाटाघाटी करणे हे त्याचे काम होते. धाकट्या दोन मुली, पॉली आणि अवघ्या दोन वर्षांची ल्युसी, यांना त्याने व्हर्जिनियात मेहुणीकडे ठेवले. अकरा वर्षांची थोरली पॅट्सी मात्र बरोबर घेतली. आणखी एक जण सोबत होता. जेम्स हेमिंग्ज हे त्याचे नाव, वय एकोणीस. हा जेफरसनचा गुलाम. जेफरसनच्या दिवंगत पत्नीचा तो सावत्र भाऊही होता, कारण तिच्या वडिलांना एका गुलाम स्त्रीपासून झालेल्या मुलांपैकी तो एक. फ्रेंच पाककला शिकून यावी, या एकाच हेतूने त्याला नेले जात होते.

५ जुलै १७८४ रोजी बोस्टनहून निघालेले सीरीझ हे जहाज एकोणीस दिवसांत अटलांटिक ओलांडून गेले. त्या काळाच्या मानाने हा प्रवास फारच सुखाचा झाला. या एकोणीस दिवसांत एक व्याकरण आणि डॉन किहोते एवढ्याच्या बळावर आपण स्पॅनिश शिकलो, असे जेफरसनने वीस वर्षांनी एका भोजनप्रसंगी सांगितले. ऐकणाऱ्यांत ॲडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी होता. त्याने रोजनिशीत ही हकिकत टिपून ठेवली आणि जेफरसनच्या गोष्टी जरा फुगवलेल्या असतात, असा शेराही मारून ठेवला.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर पॅट्सीला ताप आल्याने काही दिवस मोडले. खाडी ओलांडून फ्रान्समधील ल हाव्र बंदरात उतरल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. फ्रेंच ग्रंथ सराईतपणे वाचणाऱ्या जेफरसनला बंदरावरच्या हमालांशी चार वाक्ये बोलणे जमेना. एका आयरिश गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून निभावले. तरीही धक्क्यापासून मुक्कामाच्या घरापर्यंतच्या काही पावलांसाठी जी हमाली मोजावी लागली, तेवढ्यात अमेरिकेत सामान फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेले असते, असे पॅट्सीने पुढे एका पत्रात कळवले. सेन नदीच्या काठाने रूआँमार्गे पॅरिसकडे जाताना दोन्ही बाजूंची डवरलेली शेते पाहून बापलेक हरखून गेले. मात्र घोडे बदलण्यासाठी बग्गी थांबली की भिकाऱ्यांचा गराडा पडे. पॅट्सीने एका ठिकाणी मोजले तर नऊ जण होते. सुपीक शेते आणि त्यांच्या कडेला उपाशी माणसे या दृश्याचा अर्थ लावायला बापाला आणखी वर्ष लागले. त्या प्रसंगाकडे पुढे येऊ.

वाटेत व्हर्सायच्या कारंज्यांसाठी सेनचे पाणी टेकडीवर चढवणारे मार्लीचे अवाढव्य यंत्र त्याने थांबून पाहिले. ६ ऑगस्ट १७८४ रोजी न्यूयीच्या देखण्या दगडी पुलावरून शाँझेलिझेच्या रस्त्याने ही मंडळी शहरात शिरली. तेव्हा पॅरिसची वस्ती सहा लाखांच्या घरात होती. जेफरसनने पाहिलेले सर्वांत मोठे शहर म्हणजे फिलाडेल्फिया, आणि तिथली वस्ती पन्नास हजारांच्याही आत.

पहिले काही दिवस कामकाजाचे नव्हते, कपड्यांचे होते. फ्रेंच पद्धतीचा पोशाख केल्याखेरीज कुणाकडे भेटीस जाण्याची सोय नव्हती. मुक्कामी येताच शिंपी, टोपीवाली, केशभूषाकार यांना पाचारण झाले. केस विंचरून, पावडर लावून घेण्यासाठी रोज न्हाव्यापुढे बसणे हा जेफरसनला वेळेचा शुद्ध अपव्यय वाटे. त्याच्या हिशेबाच्या वहीत तलवार, पट्टा, झालरी, बकला असे खर्च एकामागून एक मांडलेले दिसतात. आयुष्यभर पैपैचा हिशेब लिहिणारा हा माणूस आयुष्यभर कर्जातच राहिला, हे मोठे गमतीचे आहे; ही सवय पॅरिसने अधिकच पक्की केली. काँग्रेसने दिलेला वर्षाचा पगार नऊ हजार डॉलर होता. घर, सामानसुमान, गाडीघोडे आणि दरबारी पोशाख यांसाठी वेगळा भत्ता नव्हता. हे सारे आपल्याच खिशातून करावे लागते याबद्दल तो मायदेशी तक्रारवजा पत्रे धाडत राहिला, आणि खर्चही करत राहिला.

पॅट्सीला पाँतमाँच्या मठातील शाळेत घालण्यात आले. उमराव घराण्यांतील मुलींची ही शाळा होती. तिला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता आणि तिथे कुणाला इंग्रजी समजत नव्हते. सुरुवातीला बाप रोज संध्याकाळी तिला भेटायला जाई. काही महिन्यांतच ती घडाघडा फ्रेंच बोलू लागली. जेफरसनला मात्र ही भाषा बोलताना शेवटपर्यंत आत्मविश्वास आला नाही.

त्या सप्टेंबरात तुइलरीच्या राजोद्यानातून रोबेर बंधूंनी वायूने भरलेला फुगा आकाशात सोडला आणि स्वतः त्यातून प्रवास केला. माणूस प्रथम हवेत उडाला त्याला तेव्हा एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. हा सोहळा पाहायला लोटलेल्या अफाट गर्दीत जेफरसनही होता. नवे यंत्र, नवी युक्ती दिसली की त्याचे पाय आपोआप तिकडे वळत. पण हिवाळा लागला आणि हा उत्साह मावळला. पॅरिसच्या दमट, कोंदट थंडीने तो आजारी पडला आणि बराच काळ घराबाहेर पडू शकला नाही. २६ जानेवारी १७८५ रोजी अमेरिकेहून परतलेला लाफायेत त्याच्यासाठी पत्रे घेऊन आला. एका डॉक्टर स्नेह्याच्या पत्रात ल्युसी डांग्या खोकल्याने गेल्याची बातमी होती. मूल ऑक्टोबरातच गेले होते. म्हणजे साडेतीन महिने हा माणूस पॅरिसमध्ये एका अशा मुलीचा विचार करत होता, जी या जगात उरली नव्हती. आजच्या वाचकाला हा टपालाचा विलंब केवळ गैरसोयीचा वाटेल. त्या काळच्या मुत्सद्द्याच्या आयुष्यात तो जीवघेणा होता. सरकारी खलित्यांच्या बाबतीतही आणि घरच्या पत्रांच्या बाबतीतही. पॉलीलाही पॅरिसला आणायचेच, हे त्यानंतर त्याच्या मनाने घेतले.

कामाच्या आघाडीवरही आनंदच होता. तिघे प्रतिनिधी पासी येथे फ्रँकलिनच्या घरी जमत, कारण मूतखड्याने बेजार झालेल्या त्या वृद्धाला गाडीचे धक्के सोसवत नव्हते. त्यांनी तहाचा मसुदा तयार करून निरनिराळ्या दरबारांकडे धाडला. उत्तरे मात्र येईनात. ब्रिटिश राजदूताने तर उलट प्रश्न केला, की तुम्हाला अधिकार दिला आहे तो काँग्रेसने की तेरा संस्थानांनी वेगवेगळा? प्रश्न खोचक होता, पण गैरलागू नव्हता. काँग्रेसला तेव्हा देशाच्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकारच नव्हता. तह केला तरी तो तेरा संस्थाने पाळतील याची हमी कोण देणार? वर्षभराच्या खटपटीतून १७८५ मध्ये प्रशियाशी एक तह झाला, एवढेच हाती लागले. मध्यवर्ती सत्ता बळकट हवी याची जाणीव जेफरसनला व्हर्जिनियात कमी आणि पॅरिसमधील या रिकाम्या टपालपेटीपुढे अधिक झाली असावी.

१७८५ मध्ये ॲडम्सची लंडनला नेमणूक झाली आणि फ्रँकलिनच्या जागी फ्रान्समधील राजदूत म्हणून जेफरसनची. १७ मे रोजी व्हर्सायला जाऊन त्याने सोळाव्या लुईला अधिकारपत्र सादर केले. फ्रँकलिनची जागा घेणे ही सोपी गोष्ट नव्हती. पॅरिसने त्या म्हाताऱ्याला डोक्यावर घेतले होते; त्याची चित्रे घरोघरी होती. तुम्ही फ्रँकलिनची जागा घेणार ना, असे कुणी विचारले की त्यांची जागा कुणालाच घेता येणार नाही, मी फक्त त्यांच्यानंतर आलेला आहे, असा खुलासा जेफरसन करी. उत्तर नम्र होते आणि हुशारीचेही. जुलैत फ्रँकलिन मायदेशी निघाला. ॲडम्स कुटुंब तर मे महिन्यातच गेले होते. ओतेयच्या त्यांच्या घरी अबिगेल ॲडम्सच्या मोकळ्या गप्पांत जेफरसनला घरपण मिळत असे. तेही संपले.

या एकटेपणाच्या उन्हाळ्यात तो शहर पाहू लागला. तोवर त्याने पॅरिस सोसले होते. दुपार मोकळी मिळाली की तो पुस्तकांच्या दुकानांत जाई. सेनच्या काठची मोठी दुकाने त्याने एक-दोन उन्हाळ्यांत अक्षरशः पिंजून काढली. प्रत्येक पुस्तक हाती घेऊन चाळायचे, अमेरिकेविषयीचे काही दिसले की उचलायचे, हा त्याचा परिपाठ. स्वतःसाठी त्याने सुमारे दोन हजार पुस्तके घेतली. मित्र जेम्स मॅडिसनसाठी पुस्तकांच्या दोन पेट्या भरून पाठवल्या. जुन्या आणि अर्वाचीन संघराज्यांचे इतिहास त्यात होते, आणि १७८७ च्या घटनासमितीपूर्वी मॅडिसनने जो अभ्यास केला तो याच पुस्तकांच्या आधारे. नवा तह होवो न होवो, अमेरिकेच्या राज्यघटनेला पॅरिसच्या पुस्तकविक्रेत्यांचा असा हातभार लागला. जेफरसनच्या संग्रहातील ६,४८७ खंड १८१५ मध्ये काँग्रेसने विकत घेतले. त्यातली कितीतरी पुस्तके याच दुपारच्या फेरफटक्यांतली.

दुसरे वेड इमारतींचे. पॅरिसमध्ये तेव्हा जिकडे तिकडे बांधकाम चालले होते. पॅले रॉयलच्या बागेभोवती कमानींखाली नवी दुकाने थाटली होती. धान्यबाजाराच्या गोल इमारतीवर १७८३ मध्ये लाकडी फासळ्यांचा, मधून काचा बसवलेला घुमट चढला होता. सेनच्या काठावर ओतेल द साल्म हा प्रासाद उभा राहत होता. नदीपलीकडून, तुइलरीच्या कठड्यावर बसून मान वळवून तो प्रासाद न्याहाळताना आपली मान अवघडून जाते, असे त्याने पुढे एका स्नेही बाईंना कौतुकाने कळवले. व्हर्जिनियातील त्याच्या माँटिसेलो या घरावर नंतर जो घुमट आला, त्याचे मूळ या अवघडलेल्या मानेत आहे. याच उन्हाळ्यात व्हर्जिनियाने राजधानी रिचमंडसाठी विधिमंडळाच्या इमारतीचा आराखडा मागवला. चार्ल्स-लुई क्लेरिसो या वास्तुविशारदाच्या मदतीने त्याने नीम गावच्या प्राचीन रोमन मंदिराचा आदर्श समोर ठेवून आराखडा आणि प्लास्टरची प्रतिकृती करवून घेतली. गंमत अशी, की ते मंदिर तोवर त्याने प्रत्यक्ष पाहिलेच नव्हते. ते दर्शन १७८७ मध्ये घडले.

मेहनतीचे काम तंबाखूचे होते. फ्रान्समधील तंबाखूची सारी खरेदी अप्रत्यक्ष कर आणि जकातीचे मक्तेदार असलेल्या एका सावकारी मंडळाच्या मुठीत होती. राजाला हुकमी उत्पन्न देणाऱ्या या मंडळाला हात लावणे परराष्ट्रमंत्री व्हेर्जेनलाही जड होते. व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांना खुला बाजार मिळावा म्हणून जेफरसन खेटे घालत राहिला. याच मक्तेदारांनी जकात चुकू नये म्हणून पॅरिसभोवती नवी भिंत बांधायला घेतली होती. पॅरिसकरांचा या भिंतीवरील राग १७८९ च्या जुलैत उफाळला आणि बास्तीयच्याही आधी तिची नाकी जळाली.

ऑक्टोबर १७८५ मध्ये तो शाँझेलिझेवर, शैयोच्या नाक्याला लागून असलेल्या ओतेल द लाँजाक या प्रशस्त घरात राहायला गेला. घर शालग्रँ या नामांकित वास्तुविशारदाचे. मागच्या बागेत त्याने अमेरिकेहून बी मागवून मका लावला, कारण कोवळी कणसे खाण्याची चैन पॅरिसमध्ये नव्हती. तिथून जवळच्या बुलोन्यच्या वनात त्याचे मैलोगणती चालणे सुरू झाले.

त्याच महिन्यात दरबार शिकारीसाठी फोंतेनब्लोला गेला आणि रिवाजाप्रमाणे राजदूतही मागोमाग गेले. परिसर पाहायला एकटाच निघालेल्या जेफरसनला वाटेत एक गरीब बाई भेटली. तिच्याबरोबर तो मैलभर चालला आणि चौकशी करत राहिला. ती रोजंदारीवर राबत होती. रोज आठ सू. दोन मुले. घरभाडे वर्षाला तीस लिव्हर, म्हणजे पंचाहत्तर दिवसांची मजुरी. कितीदा काम नसे आणि मग भाकरीही नसे. निरोप घेताना त्याने तिच्या हातावर चोवीस सू ठेवले तेव्हा ती रडू लागली. एवढी मोठी मदत तिला कधी मिळाली नव्हती. मुक्कामी परतून जेफरसनने मॅडिसनला दीर्घ पत्र लिहिले. देशातली जमीन मूठभरांच्या हाती आहे, त्यातली कितीतरी केवळ शिकारीसाठी पडीक ठेवली आहे आणि काम मागणाऱ्याला काम नाही. जिथे पडीक जमीन आणि बेकार गरीब एकाच वेळी दिसतात तिथे मालमत्तेच्या कायद्यांनी नैसर्गिक हक्क पायदळी तुडवला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पॅट्सीने मोजलेल्या नऊ भिकाऱ्यांचे उत्तर त्याला इथे सापडले.

हे पत्र त्याच्या लेखनातील उत्तम पत्रांपैकी आहे. ते वाचताना मात्र जेम्स हेमिंग्जची आठवण टाळता येत नाही. फ्रान्सच्या वसाहतींत गुलामगिरी होती, पण खुद्द फ्रान्सच्या भूमीवर आणलेल्या गुलामाने न्यायालयात अर्ज केला तर पॅरिसमध्ये निकाल बहुधा त्याच्या बाजूने लागे. राजदूताला हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. १७८६ च्या ऑगस्टमध्ये एका परिचिताने आपल्या गुलाम पोराला फ्रान्समध्ये ठेवण्याविषयी त्याचा सल्ला विचारला. जेफरसनने उत्तर दिले, की कायद्याने त्या मुलाला स्वातंत्र्य मागता येते. मात्र गुलामाला आणून त्याविषयी काहीच न बोलता राहिलेल्या एका गृहस्थाला कुणी त्रास दिल्याचे दिसत नाही. मुलगा लहान आहे, तो मागणी करील असे वाटत नाही, असेही त्याने जोडले. तो गृहस्थ कोण, हे पत्रात नाही. ओळखायला मात्र फारसे कष्ट पडत नाहीत.

याच सुमारास, १७८५ मध्ये, त्याने व्हर्जिनियाविषयीचे आपले पुस्तक पॅरिसमध्ये खासगीरीत्या छापले. प्रती फक्त दोनशे. त्यात गुलामगिरीचा धिक्कार आहे आणि कृष्णवर्णीय बुद्धीने कमी असावेत असा हीन तर्कही आहे. पुस्तक विश्वासू मित्रांनाच दिले, कारण गुलामगिरीविषयीच्या मजकुराने आपलेच लोक बिथरतील, ही भीती त्याला होती.

पॅट्सी मठात फ्रेंच गिरवत होती आणि बाप इमारती पाहत होता, त्या काळात जेम्स एका खानावळवाल्याच्या, मग मिठाईवाल्याच्या आणि पुढे कोंदेच्या राजपुत्राच्या स्वयंपाक्याच्या हाताखाली शिकला. १७८७ अखेर तो राजदूताच्या मुदपाकखान्याचा प्रमुख झाला. महिना चोवीस लिव्हर वेतन घेऊ लागला आणि स्वतःच्या पैशांनी फ्रेंच व्याकरणाची शिकवणीही लावू लागला. त्याच वर्षी पॉलीच्या सोबतीला म्हणून त्याची चौदा वर्षांची बहीण सॅली पॅरिसला आली. जेफरसनशी तिचा संबंध जडला. पॅरिसमध्ये स्वतंत्र होण्याऐवजी, आपल्या मुलांना पुढे मुक्त केले जाईल या वचनावर ती परतायला तयार झाली, अशी हकिकत तिच्या मुलाने उतारवयात सांगून ठेवली. ही हकिकत दीर्घकाळ नाकारली गेली. १९९८ च्या डीएनए तपासणीनंतर बहुतेक इतिहासकारांनी या संबंधाला मान्यता दिली.

सप्टेंबर १७८९ मध्ये जेफरसन रजेवर म्हणून निघाला तो पुन्हा पॅरिसला आला नाही. त्याचे मागे राहिलेले सामान शहाऐंशी खोक्यांतून रवाना झाले. जेम्स आणि सॅली त्याच्याबरोबरच परतली. १७९३ मध्ये जेफरसनने जेम्सशी लेखी करार केला: दुसऱ्या कुणाला ही पाककला शिकवून तयार केलेस, की मुक्त. जेम्सने धाकटा भाऊ पीटर याला तयार केले आणि फेब्रुवारी १७९६ मध्ये तो मोकळा झाला. निघण्याआधी त्याने माँटिसेलोच्या स्वयंपाकघरातील भांड्यांची यादी स्वच्छ अक्षरात लिहून दिली. ती आजही जपून ठेवलेली आहे. १८०१ मध्ये अध्यक्ष झालेल्या जेफरसनने त्याला मध्यस्थामार्फत आचारी म्हणून बोलावले. साहेबांनी स्वतःच्या हातचे पत्र पाठवावे, असा जेम्सचा निरोप आला. तसे पत्र गेले नाही. राष्ट्राध्यक्षांच्या निवासात एका फ्रेंच आचाऱ्याची नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये जेम्स हेमिंग्जने आत्महत्या केल्याची वार्ता जेफरसनच्या कानी आली.